काम काढून येणाऱ्यांचा बाजार

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी आमच्या रस्त्यावर जेवढ्या बायका आल्या, तेवढ्या दिवाळीतही येत नाहीत. आधार, रेशनकार्ड, पासबुक, हमीपत्र. माझं झेरॉक्सचं मशिन सकाळी तापायचं ते रात्री शटर ओढेपर्यंत गार व्हायचं नाही. गल्ला भरला हे खरंच, पण मला सांगायचंय ते त्यापुढचं. रांगेत ताटकळलेली बाई कागद हातात पडले की तडक घरी जात नव्हती. एवढं घर सोडून आलोच आहोत तर म्हणून बांगड्यांच्या दुकानात डोकावत होती, पोराला चपला घेत होती, गाड्यावर उभी राहून वडापाव खात होती. पलीकडचे कापडवाले शेठ एरवी माझ्या गिऱ्हाइकांच्या रांगेवरून वाद घालतात, त्या महिन्यात त्यांनी स्वतःहून चहा पाठवला.

अर्ज संपले, रांग संपली, आणि रस्ता पुन्हा पहिल्यासारखा झाला. दुपारी दोन ते पाच माश्या मारायच्या.

मी नाशिकरोडला बिटको चौकातून स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यालगत स्टेशनरीचं दुकान चालवते. वडील इथल्या सरकारी प्रेसमध्ये होते, त्यामुळे लहानपण नेहरूनगरच्या क्वार्टर्समध्ये गेलं. लग्न होऊन आले ती याच गावात आणि याच दुकानात. बाजाराला बरे दिवस कसे आणायचे यावर इथे व्यापाऱ्यांच्या बैठका होतात, पुढारी भाषणं करतात, मधूनच कुणीतरी रंगीत नकाशे दाखवतं. गल्ल्यावर बसून माझं जे मत झालंय ते या बैठकांत फारसं ऐकू येत नाही. लोक बाजारात खरेदीला येतात असं आम्ही दुकानदार धरून चालतो. आमच्यासारख्या ठिकाणी माणूस येतो तो काम काढून. दवाखाना, दाखला, शाळेची फी, गाडीचं रिझर्व्हेशन, बँकेतली सही. खरेदी त्या कामाच्या मागून होते. कामं गेली की बाजार गेला, मग तुम्ही रस्त्याला कितीही दिवे लावा.

नाशिकरोडचा जन्मच मुळी कामातून झाला. नाशिकला गोदावरी आहे, रामकुंड आहे, पेठा आहेत, वाडे आहेत. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाईन शहराला बगल देऊन आठ-नऊ किलोमीटरवरून गेली, १८६५ मध्ये थळ घाट पुरा होऊन मुंबईशी सलग गाडी सुरू झाली, आणि नाशिकला जायच्या वाटेवरचं स्टेशन म्हणून हे नाव पडलं. यात्रेकरू इथे उतरायचा आणि पुढे टांग्याने जायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टेशन ते नाशिकच्या मेन रोडपर्यंत घोड्यांची ट्राम होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे तिचे सल्लागार अभियंता. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे तेच. १९३० नंतर काही वर्षांत ट्राम बंद पडली. तिची आठवण सांगणारं आता कुणी भेटत नाही, पण ट्रामची वाट पाहणाऱ्यांना चहा, पान, फराळाचं पुरवणारी टपरी हीच आमच्या बाजाराची मूळ आई असणार, असं मला वाटतं.

मग सरकारी कामं आली. १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि तोवर इंग्लंडात छापून येणारी पोस्टाची तिकिटं इथे छापली जाऊ लागली. १९२८ पासून नोटा. मधे १९२७ ला सेंट्रल जेल. याच तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. आमच्याकडे पत्ता सांगताना मात्र ‘जेलरोड, पाण्याच्या टाकीजवळ’ इतकंच सांगतात, गुरुजींचं नाव कुणी घेत नाही. पुढे एकलहऱ्याचं वीज केंद्र आलं. १९८१ साली नाशिक महसूल विभाग वेगळा झाला आणि विभागीय आयुक्तांचं कार्यालय नाशिकरोडला आलं. त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढायला पाच जिल्ह्यांतून माणसं येतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, अहिल्यानगर, नाशिक. त्यांच्या अपिलाच्या कागदांच्या प्रती कुठेतरी काढाव्याच लागतात.

खासगी माणसांनीही भर घातली. जयरामभाई बिटकोंनी दंतमंजनाच्या धंद्यात मिळवलेल्या पैशातून मुक्तिधाम बांधलं. मकराण्याचा पांढरा संगमरवर, आत बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय. बिटको हे नाव चौकाला आहे, शाळेला आहे, कॉलेजला आहे, महापालिकेच्या रुग्णालयालाही आहे. दंतमंजनाच्या नावावर अर्धं गाव ओळखलं जातं, असं दुसरं गाव निदान मी तरी ऐकलेलं नाही.

प्रेस सुटायची तेव्हाचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणते ते लगेच समजेल. सायकलींचा लोंढा गेटातून बाहेर पडायचा आणि बाजारात फुटायचा. पगाराच्या दिवशी आई आम्हाला घेऊन वडिलांना चौकातच गाठायची, कारण पाकीट घरी पोचेपर्यंत हलकं होईल अशी तिला धास्ती. वह्या, गूळ, शाळेचा गणवेश, शेवटी भेळ. यातलं प्रत्येक दुकान प्रेसच्या पगारावर उधारी देत असे. माझ्या सासऱ्यांच्या वहीत तर गिऱ्हाइकांची आडनावंच नव्हती, नुसतं खातं आणि पाळी लिहिलेली.

आता नोट छापायला पूर्वीएवढी माणसं लागत नाहीत, यंत्रं लागतात. पासपोर्ट अजून इथेच छापले जातात. स्टॅम्प पेपरचं म्हणाल, तर २०२४ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने किमान मुद्रांक शंभरावरून पाचशेवर नेला आणि शंभराचा कागद मागणारं गिऱ्हाईक माझ्याकडून हात हलवत जाऊ लागलं. प्रेस उभी आहे, तिची भिंत तेवढीच लांब आहे, पण तिच्या गेटातून बाजारात येणारी पावलं कमी झाली. याला कुणाचा दोष नाही.

दुसरा बदल मात्र माणसांनी ठरवून केला, आणि त्याचा हिशेब कुणी नीट मांडलेला नाही. १९८२ पर्यंत आमची स्वतःची नाशिकरोड-देवळाली नगरपालिका होती. त्या वर्षी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका व आसपासची गावं मिळून महापालिका झाली. महापालिकेने काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. पाणी आलं, रस्ते रुंद झाले. कोरोनात बिटकोचं नवं रुग्णालय शहरातल्या मोठ्या कोविड रुग्णालयांपैकी एक होतं, आमच्या गल्लीतली कितीतरी माणसं तिथून बरी होऊन आली. पण गटार तुंबलं तर ज्याच्या टेबलावर हात आपटायचा तो साहेब पूर्वी चालत जायच्या अंतरावर होता. आज विभागीय कार्यालय इथे आहे, निर्णय मात्र शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात, महापालिकेच्या मुख्यालयात होतो. तिथे जायचं तर सिटीलिंकची बस, दुकान अर्धा दिवस बंद, आणि ‘साहेब साईटवर गेलेत’ हे उत्तर.

शहर सुधारायचं म्हटलं की पैसा कुठे जातो तेही पाहिलं. २०१६ साली नाशिक स्मार्ट सिटीत निवडलं गेलं. भर होता नाशिकच्या जुन्या गावठाणावर. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा जेमतेम १.१ किलोमीटरचा रस्ता ‘स्मार्ट’ करायला घेतला, तो ठरल्या मुदतीत झाला नाही, आणि तिथल्या दुकानदारांनी खणलेल्या खड्ड्यांसमोर बसून दिवस काढले. आमच्या वाट्याला आलं ते स्वप्न. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, रबरी टायरची मेट्रो नाशिकरोडपर्यंत येणार होती. आमच्या रस्त्यावरच्या जागांचे भाव तेवढे वाढले. मेट्रो आली नाही.

म्हणून फरशा, दगडी बाक, शोभेचे दिवे यांची घोषणा झाली की मी खूश होत नाही. शोभा वाईट म्हणून नव्हे. आधी माणसाला थांबायला कारण लागतं, बाक त्यानंतर.

जपानात तोयामा नावाचं चार लाख वस्तीचं शहर आहे. तिथेही आमच्यासारखंच झालं. म्हातारी माणसं वाढली, तरुण गाड्या घेऊन शहराबाहेरच्या मोठ्या दुकानांकडे वळले आणि मधल्या बाजारात शटरं पडली. जपानात अशा रस्त्यांना ‘शटर गल्ली’च म्हणतात. तोयामाच्या नगरपालिकेने काय केलं? रेल्वेची एक तोट्यातली लाईन घेऊन २००६ साली तिच्यावर नवी ट्राम सुरू केली. पासष्ट वर्षांवरच्या माणसाला दिवसाच्या ठराविक वेळेत शंभर येनमध्ये मध्य बाजारापर्यंत येता येईल असा पास दिला. आजोबा-आजी नातवंडाला घेऊन आले तर संग्रहालयात फुकट. ठरलेल्या दुकानातून फुलांचा गुच्छ घेऊन ट्राममध्ये चढलात तर तिकीट नाही. हे शेवटचं वाचून मी आधी हसले. मग लक्षात आलं, पैसे त्यांनी दुकानाच्या पाटीवर घातले नाहीत, माणसाच्या येण्यावर घातले.

हे आपल्याकडे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी एसटी पाहावी. २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. बाजार सुधारण्यासाठी कुणी हे केलं नव्हतं. पण सिन्नरकडच्या गावांतून स्वतःहून येणाऱ्या बायका मला तेव्हापासून जास्त दिसू लागल्या. आधी नवरा मोटारसायकलवर घेऊन यायचा, काम झालं की ‘चल लवकर’. आता दोघी-तिघी मिळून एसटीने स्टेशनच्या स्टँडवर उतरतात, दवाखाना करतात, पोरीचं कॉलेजचं काम करतात, आणि परतीच्या गाडीला वेळ असतो. त्या मधल्या वेळेवर बाजार जगतो. महापालिकेच्या कुठल्याही योजनेने आमच्या रस्त्याला हा वेळ दिला नव्हता, अर्ध्या तिकिटाने दिला.

आता त्या तिघी तो वेळ कुठे काढतात? बसायला जागा नाही. पाणी विकत. आणि लघवीला जायचं कुठे? बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा दोन-तीन पुरुष जमिनीकडे पाहू लागले, एकाने ‘ताई, स्टेशनवर आहे ना’ असं सांगितलं. स्टेशनवर आहे, खरं आहे. पण हातात दोन पिशव्या, कडेवर पोर, आणि रस्ता ओलांडायला सिग्नल नाही. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची चळवळ चालली, बायकांनी पालिकेच्या दारात जाऊन बाजारातल्या मुताऱ्यांचा हिशेब मागितला. आमच्याकडे कापडाच्या दुकानात साडी बघताना बाई दोन तास बसेल अशी व्यवस्था असते, गाद्या, चहा, पंखा. मोरी कुठे आहे ते विचारायची तिला लाज वाटते, म्हणून ती अर्ध्या तासात उठते. शेठला वाटतं भाव जमला नाही. मी स्वतः कित्येक वर्षं दुकानात दुपारनंतर पाणी कमी पीत आले. दुकान चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल.

स्वच्छ, उजेडाचं, बाई राखणीला असलेलं एक स्वच्छतागृह हे बाजाराच्या दृष्टीने एका मॉलइतकं मोलाचं आहे. हे माझं ठाम मत आहे आणि मी ते मागे घेणार नाही.

फेरीवाल्यांचं प्रकरण नाजूक आहे. आमच्या व्यापारी मंडळींना ते नको असतात, आणि त्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. दुकानाच्या तोंडावर गाडा लागला की गिऱ्हाइकाला पाटी दिसत नाही, आणि जागेचं भाडं, कर आम्ही भरतो. पण संध्याकाळी भाजीवाल्या बसतात तिथेच गर्दी असते, हेही मी रोज पाहते. मेथीची जुडी घ्यायला थांबलेली बाई माझ्याकडून पोराची कंपासपेटी घेऊन जाते. २०१४ चा फेरीवाला कायदा नीट वाचला तर त्यात हाच समतोल आहे. शहराने फेरीवाल्यांची नोंद करायची, त्यांच्या जागा ठरवायच्या, आणि ते ठरवणाऱ्या समितीत किमान चाळीस टक्के सभासद फेरीवाल्यांमधून निवडून आलेले असायचे, त्यातल्या एक तृतीयांश बायका. जागा ठरवतात त्या मात्र कुठेतरी कोपऱ्यात, जिथे कुत्रं फिरकत नाही. मग गाडे परत रस्त्यावर, मग अतिक्रमणची गाडी, मग पळापळ. भाजीवालीला बाजाराबाहेर काढून बाजार सुधारता येत नाही. तिला दीड मीटरची आखलेली जागा द्या, आणि दुकानासमोरची पायवाट मोकळी ठेवा.

पायवाट अडवतं कोण, याचंही खरं उत्तर देते. आमच्या रांगेत सकाळी सगळ्यात आधी लागतात त्या दुकानदारांच्या आणि त्यांच्या नोकरांच्या दुचाक्या. दहा वाजता लावलेली गाडी रात्री नऊला हलते. मग गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही आणि आम्ही पार्किंगच्या नावाने पालिकेला शिव्या घालतो. पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक पट्टा गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात, २०२१ पासून. एका दिवसाने काही बदलत नाही असं त्याच्यावर म्हणणारे आहेत. माझं म्हणणं, आमच्या रांगेतल्या शेठ लोकांनी एक दिवस आपल्या गाड्या मुक्तिधामच्या बाजूला लावून पायी येऊन पाहावं. त्याला ठराव लागत नाही.

आणखी एक जागा आहे जिच्याकडे कुणाचं लक्ष नाही, ती म्हणजे वाचनालय आणि अभ्यासिका. माझ्याकडे स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी येतात, प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढतात. भाड्याच्या खोलीत चौघं-चौघं राहतात, म्हणून दिवसभर अभ्यासिकेत बसतात. चहा, पोहे, वह्या, पेनं, मोबाइलचं रिचार्ज हे सगळं ती बाजारातून घेतात. अभ्यासिका बाजारापासून दूर एखाद्या रिकाम्या प्लॉटवर बांधली की इमारत छान होते, उद्‌घाटनाला फोटो छान येतात, आणि संध्याकाळी मुलींना परतायची भीती म्हणून निम्मी बाकं रिकामी राहतात. हीच सोय चौकातल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर केली, तर रात्री नऊपर्यंत रस्त्यावर जाग राहील. कारण असलं की माणूस येतोच, जेलच्या विक्री केंद्राचं उदाहरण घ्या. बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती घ्यायला गणपतीआधी थेट नाशिकहून माणसं जेलरोडला येतात. चांगली वस्तू, चांगलं कारण असलं की नऊ किलोमीटर लांब वाटत नाहीत.

२०२७ चा सिंहस्थ समोर आहे. भाविकांचा मोठा लोंढा नाशिकरोड स्टेशनवरच उतरणार. कामं सुरू आहेत, निधी येतोय, आणि येणारा जवळजवळ प्रत्येक आराखडा एकाच गोष्टीचा विचार करतो, की ही गर्दी इथून लवकरात लवकर पुढे कशी सरकवायची. गर्दीच्या सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे, चेंगराचेंगरी कुणाला हवी आहे? पण पर्वण्या संपल्यावर इथे काय उरेल, हे आत्ताच विचारायला हवं. यात्रेकरूंसाठी तात्पुरती म्हणून जी स्वच्छतागृहं, पाण्याच्या टाक्या, निवारे, दिवे उभे राहतील, त्यातलं निदान काही कायमचं, बाजाराच्या मधोमध आणि नंतर चालवण्याच्या तरतुदीसह व्हावं. शाही स्नानाचे दिवस तीनच असतात. आमची दुपार रोजची आहे.

हे कुणाला सांगायचं, हा प्रश्न मधली काही वर्षं खरोखरच अवघड होता. २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट २०२६ च्या जानेवारीत. तोवर सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. आता निवडून आलेली माणसं आहेत, तेव्हा ती सबब संपली. नाशिकरोड विभागाची प्रभाग समिती आहे. शिवाय महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, गावच्या ग्रामसभेसारखीच मतदारांची सभा, जिथे वॉर्डातली कामं लोकांनी सुचवायची. ती कुणी आपणहून बोलावत नाही, मागावी लागते.

तेव्हा नाशिकरोडकरांना माझी विनंती एवढीच. मागणी लिहिताना ‘बाजारपेठेचे सुशोभीकरण करावे’ असं लिहू नका, त्यातून फक्त कुंड्या येतात. कुठल्या चौकात स्वच्छतागृह हवं, ते किती वाजेपर्यंत उघडं हवं, झाडायला कोण असेल, भाजीवाल्यांचे पट्टे कुठून कुठपर्यंत आखायचे, अभ्यासिका कोणत्या इमारतीत, हे नावानिशी लिहा. खाली शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. दोन प्रती काढून ठेवा, एक हरवतेच. कागद माझ्या दुकानात मिळेल. पैसे पडतील.